बिनमथळ्याचा रकाना

आमच्या बुलढाण्याच्या ऑफिसातल्या सरांचा मला राग येतो, आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुण्यात काही वर्षं काढून आलेला हा माणूस मीटिंगमध्ये माझं वऱ्हाडी बोलणं ऐकून हसायचा.

काम होतं खामगावच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचं. कापूस आला की जो कागद भरतात, तो कॉम्प्युटरवर आणायचा. प्रत्येक जिनिंगच्या कागदाचे रकाने वेगळे. म्हणून मी रकान्यांची एक यादी केली आणि प्रोग्रॅम कंपाइल होतानाच, म्हणजे चालण्याआधी तयार होतानाच, ती यादी वाचून स्ट्रक्टची, म्हणजे नोंदीच्या साच्याची, फील्ड आपोआप तयार होतील अशी सोय केली. छापणारा, साठवणारा कोडसुद्धा त्या स्ट्रक्टलाच विचारायचा, बाबा, तुझ्यात काय काय आहे? यादी बदलली की सगळं बदललं. चांगलं काम होतं ते, मी स्वतःच सांगतो.

पहिल्याच दिवशी कंपायलर अडून बसला. कागदावरच्या शेवटच्या रकान्याला मथळाच नव्हता, आणि बिननावाचं फील्ड बनत नाही. मी बस धरून खामगाव गाठलं. तिथले कारकून काका वजनकाट्याशेजारी बसायचे.

"फाटकावर जो ओलावा पाह्यतो ना, तो वरच्या कापसाचा," ते म्हणाले. "गाडी खाली झाली का आतला पाह्यतो, तो इथं लिहितो. सगळ्याइले मालूम आहे, मंग नाव कायले लिहा?"

यादीत मी 'आतला ओलावा' घातलं आणि प्रोग्रॅम मुकाट्याने तयार झाला.

सरांनी तो मीटिंगमध्ये उघडला. "फील्ड कुठे आहेत यात? ही जादू कोण सांभाळणार? तुमच्या शेतात चालत असेल असलं." सगळे हसले. माझं काम त्यांनी उडवलं, जिनिंगचा कोरा कागद समोर ठेवला आणि फील्ड हाताने लिहून काढली. शेवटचा रकाना छपाईची चूक समजून सोडून दिला.

आमच्याकडे कुणाचाही कोड दुसऱ्याने तपासून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही, म्हणून तो तपासायला माझ्याकडेच आला. रकाना गायब आहे हे पहिल्या नजरेत दिसलं. मनात म्हटलं, पड बे आता तोंडावर. आणि मंजुरी देऊन टाकली.

सरांना काहीच झालं नाही. काका आतून ओला निघालेला कापूस परत पाठवत राहिले, आणि कॉम्प्युटरवर फाटकावरचा कोरडा आकडा तेवढा दिसत राहिला. जिनिंगच्या मालकाला वाटलं, हा माणूस मुद्दाम लोकांना छळतो. इतक्या वर्षांच्या माणसाला काट्यावरून उठवून गोदामाच्या दारात बसवलं. पुढे चूक सापडली, सरांनी फील्ड वाढवलं, पण काकांना कोणी परत जागेवर नेलं नाही.

मी त्यांना भेटायला गेलो. सरांनी कसा घोळ घातला ते तावातावाने सांगत सुटलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुले पहिलेच दिसलं होतं का?"

"हाव."

"मंग बोलला काऊन नाई बे?"