पाय गरम होते

“पुन्हा म्हण ना. सगळ्यांना ऐकू दे,” सर म्हणाले.

आणि मी पुन्हा म्हटलं. मूर्ख मी.

“सर, पेशंटचे पाय लई बिसी हायेत की. स्वल्प बघा.”

बिसी म्हणजे गरम, स्वल्प म्हणजे जरा. म्हैसुरात आमच्या घरी अशीच मराठी बोलतात. आमचे लोक इथं आले ते कापड रंगवायला, त्याला किती पिढ्या झाल्या कोण जाणे. सर पुण्याचे. हृदयाचे मोठे सर्जन. सोबतच्या दोन ज्युनिअरांकडे वळून म्हणाले, “ही मराठी आहे की बिसीबेळे भात?” बिसीबेळे म्हणजे सगळं एकत्र शिजवलेली इथली खिचडी. हशा. मग मला, “रंगाऱ्यांची ना तू? मग बरोबर आहे.”

काय बरोबर आहे?

खाटेवर पिरियापट्टणची बाई होती. तंबाखूच्या भट्टीवर राबणारी, माझ्याच वयाची. आदल्या दिवशी तिला दुसऱ्याचं हृदय बसवलेलं. अशा पेशंटचे पाय गार पडले की सगळे घाबरतात, हृदय चालत नाही म्हणून. गरम असले की खूश. पण हिचे पाय लालबुंद होते, तापलेले, आणि बीपी दर पंधरा मिनिटांनी खाली. असं मी बेंगळुरूला नर्स असताना एकदा पाहिलं होतं. हृदय नीट मारत असतं, पण अंगभरच्या रक्तवाहिन्या इलॅस्टिक गेलेल्या मोज्यासारख्या सैल पडतात. रक्ताला जोरच राहत नाही.

हेच मला सांगायचं होतं. सरांनी पायांना हात लावला नाही. “गरम आहेत ना? म्हणजे हृदय झकास चाललंय. तू पाय पूस, डोकं चालवू नकोस.” आणि गेले.

दुपारचे दोन वाजले होते. मी चार्टवर लिहिलं : पाय गरम, बीपी उतरतंय, सरांना कळवलं. त्यानंतर गप्प बसले. दीड तास. सरांच्या वरच्या डॉक्टरांना फोन करता आला असता, ओरडता आलं असतं. पण कान तापले होते माझे. मी बाईचा नाही, माझ्या मराठीचा विचार करत होते. थू माझ्यावर.

साडेतीनला मॉनिटर किंचाळायला लागला. मग सगळे धावले. औषधांच्या पंपावर पंप लागले. शेवटी सैल वाहिन्या आवळणारं निळं औषध चढवलं, आजोबांच्या हौदातल्या रंगासारखं गर्द. उशीर झाला होता. दिवेलागणीला बाई गेली.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आता ‘तुम्ही’ होते मी.

“सिस्टर, दोनची नोंद काढून टाका. साडेतीनला कळवलं असं लिहा.” कोरा कागद पुढे सरकवला. “आपण मराठी माणसं. परमुलखात एकमेकांना सांभाळायला नको?”

अय्यो! दुपारी मी बिसीबेळे भात होते, संध्याकाळी मराठी माणूस झाले. आणि परमुलूख कुणाचा? माझी आजी, पणजी इथंच जाळल्यात. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

“आगल्ल, सर,” मी म्हटलं. कन्नडमध्येच. होणार नाही.

“नोकरीचा विचार करा.”

“केला.”

बाहेर बाकावर तिचा नवरा बसला होता. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, “अक्का, साडेतीनपर्यंत बरी होती म्हणतात. खरं?”

“नाही,” मी म्हटलं. “दोनपासून बीपी उतरत होतं. मी सांगितलं, तर मोठे डॉक्टर हसले. मग मी गप्प बसले.”

क्षमा केली नाही त्यानं. मी मागितलीही नाही.

“कागदांची प्रत मागून घ्या,” म्हटलं. “आजच. चौकशीला बोलावतील तिथं मी येईन. त्यांचं हसणं सांगेन, आणि माझा दीड तासही सांगेन.”