चार नंबरच्या झोनचा पंखा

वायरमनच्या पिशवीत पकड-टेस्टर कमी आणि किस्सेच जास्त साठतात. माझ्याकडचे निम्मे एकाच बंगल्याचे आहेत आणि सांगताना अजून डोकं फिरतं.

बंगला माकुणसारला, मालक मुंबईला. साहेब परदेशात राहून आलेले, म्हणून घराचे चार झोन केले. हॉल आणि दोन बेडरूमना गरम-थंड दोन्ही हवा देणारे एसी, मागे केअरटेकरच्या खोलीत नुसता पंखा. सगळं साहेबांच्या मोबाइलवर.

"साहेब, इथे हीटर कशाला?"

"सिस्टीम पूर्ण असावी रे."

घ्या! आमच्याकडे डिसेंबरात दुपारी घाम येतो.

*

मे महिन्यात साहेब बंगल्यावर आले आणि फोन आला. "तू बसवलेला एसी गरम हवा मारतोय. आत्ताच्या आत्ता ये."

बोईसरहून भर उन्हात बाइक हाणली. एसी खोलला, काही बिघाड नाही. शेवटी त्यांचा मोबाइल मागितला. थंडीत हौसेनं लावलेला हीट मोड तसाच होता.

"साहेब, हे तुमच्याच बोटानं झालंय."

"मग हे फोनवर सांगता येत नव्हतं?"

म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर.

*

एकदा शनिवारी येणार म्हणून शुक्रवारीच मुंबईतून तिन्ही एसी चालू केले. आलेच नाहीत. रिकामं घर दोन दिवस गार होत राहिलं. बंगला सांभाळणाऱ्या जनामावशीला मी विचारलं, "आत काय चाललंय?"

म्हणाली, "काय नाय. गादी गारठली, तिला चादर घातली."

*

पण खरा संताप पुढेच. मावशीचा नवरा लकव्यानं खाटेला खिळलेला, दिवसभर त्या मागच्या खोलीत पडून. साहेबांना मोबाइलवर दिसलं, चार नंबरचा झोन सतत चालू. लगेच टायमर लावला, अकरा ते पाच पंखा बंद. ऐन उन्हाच्या वेळेला.

मी फोन केला. "साहेब, आत आजारी माणूस आहे."

"मला इथे झोन दिसतो, माणूस दिसत नाही."

टाळकंच सरकलं माझं. मावशीला म्हटलं, "डायरेक्ट वायर ओढून देतो, त्याला कळणारसुद्धा नाही."

"नको. चोरीचा वारा माज्या माणसाला नको." आणि पुठ्ठा घेऊन नवऱ्याला वारा घालत बसली. मला रडावं की कुणाला बदडावं तेच कळेना.

*

पुढच्या रविवारी साहेब पाहुणे घेऊन आले. साडेबाराला मला फोन, आवाज चढलेला. "घरात लाइट नाही. ताबडतोब ये."

गेलो. शेजारी लाइट होती. ओटीवर पाहुणे घामाघूम, एक बाई पर्सनं वारा घेत होत्या. मीटरचा बोर्ड उघडला, तर मेन फ्यूजच जागेवर नाही.

साहेब तरातरा मागच्या खोलीकडे, मी पाठोपाठ. मावशी खाटेजवळ बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती. पदराच्या टोकाला जड गाठ.

"मावशी, फ्यूज तुम्ही काढलाय?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"द्या इकडे."

मावशीचा हात थांबला नाही.

"पाच वाजता देते."