नंदुरबारची निळी बशी

भुसावळला गाडी बदलून मी नंदुरबारकडे निघालो, तेव्हा पिशवीत एक खुरपे आणि जुन्या धोतराच्या चिंध्या होत्या. खापरे गोळा करण्याचे माझे वेड घरी सर्वांना ठाऊक आहे. नंदुरबारला नोकरीस असलेल्या मेहुण्याने सांगितले होते की, करीमभाई नावाच्या रंगाऱ्याच्या परसात निळीच्या नव्या रांजणासाठी खड्डा खणताना निळ्या छापाच्या विलायती बश्यांचे तुकडे निघाले आहेत. मला तेवढे पुरले.

स्टेशनवर उतरताच मिरचीच्या खकाण्याने ठसका लागला. मोकळ्या माळावर नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत होती. मेहुण्याकडे पोहे खाऊन मी रंगाऱ्यांच्या आळीत गेलो.

करीमभाई साठीच्या घरातले, कोपरापर्यंत हात निळीने रंगलेले. पोह्यांपासून सगळी हकीकत मी त्यांना सांगितली. त्यांनी हसून मला खड्ड्यात उतरू दिले. एका तुकड्यावर पूल होता, एकावर झुकलेली फांदी, एकावर पाखरू. ही नक्षी हाताने काढलेली नसते. कागदावर छापून तो कागद भांड्यावर दाबतात. कागदाचे काठ नीट जुळले नव्हते तिथे पाखराची मान तुटली होती. एकेक तुकडा मी धुऊन चिंधीत गुंडाळला. एक तर गालाला लावून पाहिला, इतका गुळगुळीत होता.

दुपारी त्यांनी जेवायला हाक मारली. ओट्यावर चटई होती. माझ्यापुढे आलेल्या बशीवर तोच पूल, तेच पाखरू, आणि बशी अख्खी. तीत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि वांग्याचे भरीत. माझ्यासाठी मुद्दाम शाकाहारी केले होते.

"मन्हा आजानी सुरतथीन आणेल शे," ते म्हणाले. "एवढी एकच ऱ्हायनी. पाव्हनासाठे काढतस." (माझ्या आजोबांनी सुरतेहून आणलेली, एवढी एकच उरली, पाहुण्यांसाठी काढतो.)

माझा हात पुढे गेला नाही. मुसलमानाच्या घरचे अन्न, त्यात चिनी मातीची बशी. आमच्या घरी तसली बशी जेवायला उंबऱ्याच्या आत येत नाही.

"आज माझा उपास आहे," मी म्हणालो.

सकाळच्या पोह्यांची आठवण करीमभाईंनी काढली नाही, बशी उचलून आत नेली. मग ते बाहेर गेले आणि केळी घेऊन आले. माझ्या हातात न देता, चटईच्या कडेला ठेवून बाजूला झाले.

"हिंदूना दुकानना केळा शेतस. उपासले चालतस." (हिंदूच्या दुकानातली केळी आहेत, उपासाला चालतात.)

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. माझ्याआधी त्या घरात कोणी जेवले नव्हते, हे मला आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला तेव्हा कळले. मी खाली मान घालून केळी खाल्ली.

निघताना मी तुकडे परत देऊ लागलो. त्यांनी ते माझ्या पिशवीत घातले आणि वेशीपर्यंत पोचवायला आले.

घरी आल्यावर मित्र जमले. तुकडे हातोहात फिरले, छपाईची तारीफ झाली. एकाने विचारले, "अख्खी बशी कुठे पाहायला मिळाली का?"

मी नाही म्हणालो. पाहिली म्हटले असते, तर ती कोणी पुढे केली होती आणि मी काय म्हणालो होतो, हेही सांगावे लागले असते.