मोराची चादर आणि अणुबॉम्बचा वाद

उन्हाळ्यात सोलापूरला जाऊ नका, असं बायकोनं बजावलं होतं. पण वाद घालायला बोलावणं आलं की मला ऊन दिसत नाही. विषय होता, युद्धात अणुबॉम्ब वापरणं कधी योग्य ठरतं का. मी नेहमीच ‘हो’वाला. लढाई लवकर संपते, पुढचे जीव वाचतात, हे इतक्यांदा बोललोय की झोपेतही बोलेन.

पुण्याहून सकाळची गाडी धरा, कुर्डुवाडीला चहा मिळतो. सोलापुरात रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खा, पण दह्याशिवाय धाडस करू नका. मी केलं, डोळ्यांतून पाणी आलं.

वाद ज्या वाचनालयात होता, ते यंत्रमागांच्या वस्तीत होतं. एरवी तिथं खटखटीत बोललेलं ऐकू येत नाही म्हणे. त्या दिवशी मागांना सुट्टी, भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला उगीचच कसंतरी झालं.

वक्त्याला इथं शालीऐवजी चादर पांघरतात. माझ्या चादरीवर पाठभर काळा मोर, भोवती सगळं पांढरं. ती अंगावर ठेवूनच बोललो, टाळ्या घेतल्या. विरुद्ध बाजूच्या शिक्षिकाबाई हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, की हिरोशिमात बॉम्बच्या झळेनं कपड्यांवरची गडद नक्षी बायकांच्या कातडीवर उमटली होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले मल्लेशम आजोबा उठले. सगळा जन्म मागावर गेलेला, माझी चादरही त्यांनीच विणलेली.

"साहेब, जरा पाठमोरं उभं ऱ्हावा की."

मी राहिलो. त्यांचं बोट टेकत नव्हतं, तरी पाठीवर फिरताना जाणवत होतं.

"काळं सूत लई तापतं. हितं चोच उठली असती. हितं पिसारा. पांढऱ्याखालची कातडी ऱ्हायली असती."

सोलापुरी चादरीच्या उलट बाजूला रंगांची अदलाबदल होते, हे मला ठाऊक होतं. सवयीनं विनोद केला, "मग उलटी पांघरतो!"



"मग मोर तेवढा वाचंल," आजोबा म्हणाले. "भवतालचं समदं जळंल."

शेवटी हात वर करून मतदान झालं. इथं वक्त्यांनीही मत द्यायचं असतं. ‘हो’ला भरपूर हात वर गेले. माझा गेला नाही. खरं सांगतो, मला भीती वाटली. माझी बाजू जिंकली, माझ्या मताशिवाय.

घरी बायकोनं चादर हौसेनं पलंगावर घातली. "कुठली बाजू वर घेऊ?"

मी चादर एकदा उलटी, एकदा सुलटी करून पाहिली. तिनंच काळा मोर वर ठेवला आणि दमून त्यावर पाठ टेकली. मी तिचा हात धरून तिला उठवलं.