भोकं बुजवणारे घणमामा

घणमामांचा राग आधी भिंतीवर निघायचा आणि भिंत आड नसली तर माणसावर. परळच्या आमच्या साइटवर ते दोन किलोचा हातोडा घेऊन फिरायचे. वरून धाडधाड आवाज आला की मजूर एकमेकांकडे बघत म्हणायचे, "मामांना भोक सापडलं."

जुन्या गिरणीच्या जागेवर ऑफिसांचा टॉवर उभा राहत होता आणि मी तिथे नवी इंजिनियर होते. मामा लालबागचे, मूळचे मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले. त्यांचं काम ऐकायला साधं होतं. केबली आणि पाइप जिथे भिंतीतून किंवा स्लॅबमधून आरपार जातात, तिथल्या फटी आग आणि धूर अडेल अशा बंद करायच्या. आधी न जळणारी दगडी लोकर दाबून भरायची, मग वर सीलंटचा, म्हणजे चिकट लेपाचा, ठरलेला थर.

पहिल्याच आठवड्यात मी सही करून पास केलेली भिंत त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत फोडली. तुकडे उडून माझ्या नडगीला लागले. सीलंटच्या पातळ थराखाली पिवळा फोम भरलेला होता. मामांनी तो मूठभर उपटला आणि लाइटर लावला. फोम भडकला, पेटते थेंब जमिनीवर गळायला लागले.

"बघ गो बाय," ते म्हणाले, "तुझी सही जळतेय."

त्या दिवसापासून मी प्रत्येक भोकात टॉर्च मारून, बोट घालून बघायला लागले.

पण त्यांची सगळीच मारझोड मला पटायची नाही. बाराव्या मजल्यावर इंटरनेटची वायर ओढायला आलेल्या एका माणसाने मामांनी बुजवलेल्या भोकात पहार घातली. मामांनी त्याची मान धरून त्याला खालपासून वरपर्यंत जाणाऱ्या केबलीच्या डक्टमध्ये ओणवा केला. "वर किती मजले हायत? मोज! त्यातली माणसं मोज!" मग त्याच्या थोबाडीत बसली. ओठ फाटून त्याचा शर्ट रक्ताने भरला.

"मामा, सोडा त्याला! जीव घ्याल त्याचा!" मी मध्ये पडले.

कंपनीने त्यांना आठ दिवस घरी बसवलं. ते योग्यच झालं, असं मला आजही वाटतं. परत आल्यावर त्यांनी त्या माणसाची माफी मागितली आणि मग गेटवर चहा पिताना मला सांगितलं, "माझी बायको दादरला एका ऑफिसात साफसफाईला होती. आग लागली चौथ्यावर, ती होती नवव्यावर. जाळ तिच्यापर्यंत गेलाच नाय. डक्टमधून धूर गेला. कुठे भाजलंसुद्धा नव्हतं. नाक तेवढं काळं." चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "आणि मी वीस वर्षं केबली ओढल्या. किती भोकं तशीच सोडून आलो, माझं मलाच ठाऊक नाय."

सातव्या मजल्याचं काम दुसऱ्या एका ठेकेदाराकडे होतं. त्याने सगळीकडे फोम मारला होता. मामांनी एका दुपारी त्यातली अकरा भोकं फोडली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या ठेकेदाराच्या तिघा माणसांनी त्यांना बेसमेंटमध्ये गाठलं. ओरडा ऐकून मी धावले, तेव्हा एकजण लोखंडी पाइपाने त्यांच्या उजव्या हातावर मारत होता. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मामा खाली पडले होते, तोंडातून रक्त येत होतं, तरी दुसऱ्याची पोटरी त्यांनी दातांत धरून ठेवली होती. सिक्युरिटीवाले धावत आले तेव्हा कुठे ते तिघे पळाले.

चार दिवसांनी मामा हात गळ्यात बांधून सातव्यावर हजर. साइटचे मॅनेजर मला समजावत होते, "मॅडम, सही करून टाका. उगाच आणखी भानगड नको."

मामांनी डाव्या हाताने हातोडा माझ्याकडे सरकवला. "माझ्याच्यान होणार नाय. तू मार."

मी हातोडा उचलला. पहिला घाव निसटला. दुसऱ्याने सीलंट फुटलं. मॅनेजर ओरडत होते, मी मारत राहिले. संध्याकाळपर्यंत त्या मजल्यावरची उरलेली सगळी भोकं फोडली. तळहातांची सालं निघाली. नंतर नवी माणसं लावून मामांनी एकेक भोक शेजारी उभं राहून नीट भरून घेतलं.

ऑफिसं सुरू झाली, मी देखभालीच्या कामावर तिथेच राहिले. काही महिन्यांनी, भर दुपारी, सातव्याच्या इलेक्ट्रिक रूममध्ये स्फोट झाला. लोखंडी दार उखडून समोरच्या भिंतीवर आदळलं, काचा रस्त्यावर कोसळल्या. एक वायरमन भाजला, पण वाचला. जाळ छताला भिडून तासभर धडका देत राहिला. तेवढ्या वेळात वरच्या सगळ्या मजल्यांवरची माणसं जिन्याने चालत खाली आली.

दुसऱ्या दिवशी मामा आले. तीच आमची शेवटची भेट. हात वाकडाच जुळला होता. आम्ही आधी सातव्यावर गेलो. छतातलं सील कोळसा झालं होतं, पण जागचं हललं नव्हतं. आठव्यावर त्याची वरची बाजू तशीच्या तशी होती. मामांनी तिच्यावर तळवा टेकला आणि तिथेच फतकल मारून बसले.

"काल हितं कोण कोण होतं?"

मी ऑफिसमधून हजेरीपट मागून आणला आणि नावं वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते.

"ह्यात साफसफाईच्या बायका हायत?"

त्यांचा हजेरीपट वेगळा असतो. मी खाली जाऊन तो घेऊन आले. आठव्या मजल्यापुढे दोनच नावं होती. मी ती वाचली.

"परत वाच," मामा म्हणाले.

मी परत वाचली.