मागचं चाक ताराबाईचं

इस्तारीचा उजवा गुडघा पंचवीस वर्षं इमानेइतबारे चालला आणि २००८च्या उन्हाळ्यात त्यानं सरळ हात वर केले. डॉक्टरनं सांगितलं, पायडल मारणं बंद. इस्तारी घरी आला आणि बायकोकडं न बघता ओसरीवर बसून राहिला. गुडघा त्याचा असला तरी बंद पडणार होता ताराबाईचा बाजार.

ताराबाईचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं वाळलेला. गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, जाळं टाकायचं काम इस्तारीचं, पण मासळी विकावी ती ताराबाईनंच. मरळीचं कौतुक ती असं करायची की माळकरी माणूससुद्धा टोपलीत डोकावून जायचा. लग्नाच्या वर्षीच इस्तारीनं सायकलच्या मागच्या चाकाला, थेट एक्सलच्या नटात आवळून, तिच्या पायासाठी लोखंडी पायरी बसवली होती. त्या पायरीवर पाय टेकून, कॅरिअरवर बसून ती आठवड्यातून तीनदा चार कोसांवरच्या चिमूरला जायची. एसटीत मासळीची टोपली घेत नाहीत, आणि एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. सायकल थांबली असती तर तिचं जग उंबरठ्यापाशी संपलं असतं.

"मी घरीच राहीन जी, जाळे इनीन," ती म्हणाली. हे ती इतक्या सहज म्हणाली की इस्तारीला त्या दिवशी घास गेला नाही.

सायकलीला बसवायची विजेची मोटर चंद्रपूरला मिळते, असं त्याच्या कानावर आलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो चंद्रपूरच्या एसटीत बसला. दुकानदार श्रीहरीनं दोन चाकं समोर ठेवली. दोन्हींच्या पोटात मोटर, एक चाक पुढं बसवायचं, एक मागं.

"डबलसीट हाय ना भाऊ? मंग मागची घ्या," श्रीहरी म्हणाला. "मागं वजन, मागं जोर. पुढची घ्यान, तं चढावर मुरमात चाक नुसतं फिरंल."

म्हणणं खोटं नव्हतं. इस्तारीनं मागचं चाक उचलून नीट न्याहाळलं. एक्सलमधून वायरीचा जुडगा बाहेर आला होता. तिथं पायरी आवळायला जागाच नव्हती.

"मागची जागा गुंतली हाय," तो म्हणाला.

"काय हाय मागं?"

"बायकोचा पाय हाय."

श्रीहरीनं त्याच्याकडं बघितलं. मग मागचं चाक आपणहून बाजूला सारलं.

"मंग वजन पुढं घ्या भाऊ. बॅटरी अन् टोपली हँडलवर बांधा. चाक पकड धरंल."

"तेच म्हणून राह्यलो. बैल काय बंडीच्या मागं जुंपतेत का?"

मोटर बसवायला दोन दिवस लागले. चंद्रपूरच्या कोळशावर अख्खं राज्य उजळतं, पण इस्तारीच्या गावात दिवसातले दहा तास भारनियमन. बॅटरी भरणार कशी? शेवटी रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा ती भरली. आता इस्तारी पडला रीतीभातीचा माणूस. नवं काम उजव्या अंगानं व्हावं, म्हणून त्यानं चाक बसवताना वायर उजवीकडं घेतली. ती डावीकडं हवी होती, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हँडलला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, ताराबाई ऐटीत मागं बसली. इस्तारीनं मूठ पिळली आणि सायकल सुसाट उलटी जाऊन भाताच्या तणसाच्या ढिगात घुसली.

केसांतलं तणस काढत ताराबाई म्हणाली, "अजी, मले बाजारात नेऊन राह्यले का माहेरी?"

माहेर खरंच मागच्या दिशेला होतं. इस्तारी इतका हसला की गुडघ्याचं दुखणंही विसरला. मग त्यानं चाक काढून फिरवून बसवलं.

बाजाराच्या दिवशी दोघं निघाली. हँडलवर टोपली, टोपलीत मरळ, मागं ताराबाई. तिच्या तोंडाचा पट्टा वेशीपासूनच सुरू होता. नाला ओलांडला, चढ आला, आणि ती एकदम गप्प झाली. चाक मुरमावर जरासं सरकलं, मग टोपलीच्या भारानं त्यानं पकड धरली. पुढची मोटर गुणगुणत ओढत होती. इस्तारीनं मान वळवली.

"काऊन चूप झाली व? पाय दुखते का?"

चढ संपल्यावरच ती म्हणाली, "चढ होता ना."

"मंग?"

"चढावर मी दम रोखून धरतो. पंचवीस वर्षं झाली. तेवढंच तुमाले हलकं."

इस्तारीला पुढचा रस्ता दिसेना. त्यानं सायकल पळसाखाली थांबवली आणि गमछ्यानं डोळे पुसले. हा चढ आपण इतकी वर्षं एकट्यानंच चढतो, असं तो समजून चालला होता.

"आता नोको धरू," तो म्हणाला. "मोटर हाय."

"बरं," ताराबाई म्हणाली.

परतताना तोच चढ उतार होऊन लागला. पुढच्या बाजाराला तोच चढ पुन्हा आला. मोटर गुणगुणत होती, इस्तारी कान देऊन ऐकत होता, आणि मागं ताराबाई पुन्हा दम धरून बसली होती.