आईच्या वतीने
ब्रिसेइदाला आधी शिसारी आली ती त्याच्या बोटांची. सान अँटोनियोहून आलेला हा रॉडनी प्रुइट, रेकॉर्ड कंपनीचा माणूस, स्वयंपाकघरात बसून साखर लावलेले दोन गोड पाव चापून मोकळा झाला आणि तीच चिकट बोटं त्याने आजोबांच्या अकॉर्डियनच्या बटणांवर फिरवली. पुसावीत एवढीही अक्कल नाही! पण त्याला दुखवून चालणार नव्हतं. आजोबांनी हयातभर सीमेवरच्या नदीच्या दोन्ही काठांवर लग्नांत हे अकॉर्डियन वाजवलं आणि त्यांचं एकही गाणं मागे उरलं नाही. तिचं उरणार होतं. ती सतराचीच, म्हणून कराराच्या कागदावर फक्त आईची सही हवी होती.

आई एउलालिया टॉर्टियांच्या दुकानात मक्याचं पीठ मळून नुकतीच परतली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. दवाखाना असो, शाळा असो, सात वर्षांची असल्यापासून ब्रिसेइदाच दोन्हीकडचं बोलणं पोचवायची आणि कडू असेल ते गाळायची. या नदीकाठची सगळीच पोरं तसं करतात.

"तिला सांग, कॅमेऱ्यासमोर रडायचं," रॉडनी म्हणाला. "तुला छातीशी धरून, चोरून नदी पोहून सीमेपार आली, असं दाखवू. हातोहात खपतं ते. पण तोंड मिटून रड म्हणावं. ते किडके दात बघून लोकांची जेवणावरची वासनाच उडायची!" आणि स्वतःच फिदीफिदी हसला.

खरं तर आई आली होती पुलावरून, बसमध्ये बसून, सगळे कागद घेऊन, इस्टरचा निळा झगा घालून. नेहमीसारखं गोड काहीतरी सांगायला ब्रिसेइदाने तोंड उघडलं, पण ते ओठांवर येईना. मग तिने शब्दन् शब्द जसाच्या तसा आईला सांगून टाकला.

आईने ऐकून घेतलं. "एवढंच ना? कुठे करू सही?"

"आई! काय म्हणाला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं गं. त्याच्या थोबाडावरून आधीच कळलं होतं. दवाखान्यातली ती बाई मला टाकून बोलली होती, तेही तेव्हा कळलं होतं. तू गोड करून सांगायचीस, मी गोड मानून घ्यायचे. रडेन की मी, त्यात काय? तुझं गाणं निघू दे." एका हाताने तोंड झाकत आईने दुसऱ्या हाताने पेन उचललं.

त्या झाकलेल्या तोंडाकडे ब्रिसेइदाला बघवेना. दहा वर्षं आपण जे गाळत आलो ते आई मुकाट गिळत आली होती. तिला रॉडनीची किळस होतीच, आता त्या कागदाचीही आली. तिने आईच्या हातातून पेन काढून घेतलं.

"काय म्हणतेय ती?" रॉडनीने विचारलं.

आईचं लक्ष त्याच्या रिकाम्या कपाकडे गेलं. "विचार गं त्यांना, अजून थोडी कॉफी घेणार का?"

"आई म्हणते, उठा," ब्रिसेइदा म्हणाली. "आणि जाण्याआधी ती बटणं पुसा."